जपान समजून घेण्यासाठी काय वाचावे आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या एप्रिलपासून दोन वर्षांसाठी पुण्याहून नागोयाला नोकरीनिमित्त जायचे आहे आणि हाताशी सात महिने आहेत. 'इकिगाई'वरचे, म्हणजे जगण्याला अर्थ देणाऱ्या गोष्टीवरचे, एक लोकप्रिय पुस्तक आणि कायझेनची, म्हणजे कामात सतत थोडी थोडी सुधारणा करत राहण्याच्या पद्धतीची, तोंडओळख करून देणारे एक पुस्तक वाचून झाले आहे, ॲनिमे भरपूर पाहिले आहेत. आता 'जपानी माणूस नेमका कसा विचार करतो' हे सांगणारी चार-पाच पुस्तके हवी आहेत, शक्य असेल तिथे मराठी, आणि सोबत येणाऱ्या शाकाहारी पत्नीच्या उपयोगाचेही काही हवे आहे. जपानी शिकवण्यात आणि कारखान्यांत दुभाष्याचे काम करण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली असल्याने हा प्रश्न मला नवा नाही. माझे उत्तर मात्र काळाबरोबर जवळजवळ उलटे झाले आहे. पूर्वी मी जपानी मनाचा उलगडा करणारी पुस्तके आधी वाचायला सांगत असे. आता ती सर्वांत शेवटी वाचायला सांगतो आणि त्याआधी जपानी माणसांनी जपानी वाचकांसाठी लिहिलेली पुस्तके हाती देतो.

याचे कारण तुमच्याच वाचनातून दाखवता येईल. 'इकिगाई' या नावाचे जे पुस्तक जगभर खपले, ते स्पॅनिश लेखकांच्या जोडीने २०१६ साली स्पॅनिशमध्ये लिहिले. समाजमाध्यमांवर फिरणारी, इकिगाई समजावणारी चार वर्तुळांची आकृतीही जपानी नाही. 'इकिगाई' हा शब्द जपानीत अगदी घरगुती आहे. नातवंडे हीच माझी इकिगाई, असे आजी सहज म्हणते. या शब्दावर गंभीर ग्रंथ लिहिला तो कामिया मिएको या मनोविकारतज्ज्ञ स्त्रीने, १९६६ साली, आणि तोही नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात काम केल्यानंतर. सारे काही हिरावले गेलेल्या माणसाला जगावेसे का वाटते, हा तिचा प्रश्न होता. आनंदवनाची ओळख असलेल्या मराठी वाचकाला या प्रश्नाचे वजन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. जपानी वाचता येऊ लागल्यावर वाचण्यासाठी हे नाव टिपून ठेवा. सांगायचे इतकेच की एकच शब्द, पण लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण हे बदलले की पुस्तक पूर्णपणे बदलते.

पहिले पुस्तक मराठीतच आहे आणि बहुधा तुमच्या घरी असेलही: तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान'. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. आपल्याकडे हे पुस्तक शिक्षणावरचे म्हणून वाचले जाते आणि ते रास्तच आहे, पण आता ते जपानवरचे म्हणून पुन्हा वाचा. डब्यात काहीतरी डोंगरातले आणि काहीतरी समुद्रातले असावे, ही तोत्तोचानच्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी यांची साधी अट जपानी जेवणाच्या घडणीबद्दल बरेच सांगून जाते. स्वतःला ज्या शब्दाने हिणवले जाते तोच शब्द शिवी म्हणून दुसऱ्यावर फेकणारा कोरियन मुलगा त्यात आहे. जपानमधल्या कोरियन लोकांचा सगळा इतिहास त्या दोन-तीन पानांत दबा धरून बसलेला आहे. तोत्तोचानचे व्हायोलिन वाजवणारे वडील घरात खायची भ्रांत असतानाही लष्करी गीते वाजवायला नकार देतात. आणि शेवटी १९४५ च्या हवाई हल्ल्यात आगगाडीच्या डब्यांची ती शाळा जळून जाते. शिस्तीचा, एका सुरात बोलणारा म्हणून जो जपान आपल्याला सांगितला जातो, त्याच्या ऐन मध्यावर अशी शाळा चालत होती हे ध्यानात ठेवलेत तर पुढची निम्मी चुकीची पुस्तके तुम्हाला फसवू शकणार नाहीत.

मराठीतले दुसरे पुस्तक म्हणजे पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग', आणि त्यातला जपानचा भाग. तो जपान साठ वर्षांपूर्वीचा आहे. त्यातली रेल्वे, हॉटेले, दर काहीही आता लागू नाही. पण मराठी माणूस तिथे कशाने चकित होतो, कशाने संकोचतो आणि कशात त्याला आपले काही सापडते, हे पाहण्यासाठी ते वाचावे. सिंहगड रस्त्यावरच्या ज्या जपानी पद्धतीच्या उद्यानाला पु. लं.चे नाव आहे, ते ओकायामा शहरातल्या कोराकुएन या तीनशे वर्षांहून जुन्या उद्यानाच्या धर्तीवर रचलेले आहे. जाण्यापूर्वी एका सकाळी गर्दी नसताना तिथे जा आणि वाट कुठे वळते, वळल्यावर काय दिसू लागते आणि काय झाकले जाते, एवढेच पाहा. अकराव्या शतकातला 'साकुतेइकी' हा उद्यानरचनेवरचा ग्रंथ इंग्रजीत उपलब्ध आहे. त्यात फुलझाडांपेक्षा दगड कसे रोवावेत यालाच मोठे स्थान आहे, आणि ते वाचल्यावर आपण इतकी वर्षे त्या उद्यानात फक्त फोटो काढायला जात होतो हे कळून थोडी शरम वाटते. निदान मला वाटली.

कविता वगळून जपानकडे जाता येत नाही आणि इथेही मराठीने तुमची सोय केलेली आहे. शिरीष पै यांनी जपानी हायकूंचे अनुवाद केले आणि पुढे अक्षरांच्या मोजणीत फारशा न अडकता हायकू हा प्रकार मराठीत रुजवला. त्यांचे संग्रह वाचाच, पण एक गोष्ट लक्षात ठेवून. जपानी परंपरेत हायकूचा कणा असतो तो ऋतुवाचक शब्द. बेडूक म्हटले की वसंत, नुसता चंद्र म्हटले की शरद, हे ठरलेले आहे आणि अशा शब्दांचे कोश, ज्यांना 'साइजिकी' म्हणतात, कवींच्या हाताशी असतात. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. 'वळीव' या तीन अक्षरांत वैशाखातली संध्याकाळ, धूळ, मातीचा वास आणि वाळत घातलेले कपडे ओढून आणण्याची धांदल असे सगळे येते. 'पाऊस' म्हटल्याने ते येत नाही. जपानीत हिवाळ्याच्या तोंडावर येऊन जाणाऱ्या सरीला 'शिगुरे' म्हणतात आणि जूनच्या संततधारेला 'त्सुयु'. आपण मृग, आर्द्रा, हस्त मोजतो तसे तिथे वर्षाचे बहात्तर बारीक काल पाडलेले आहेत. ही पद्धत मूळ चिनी. सतराव्या शतकाच्या अखेरीस शिबुकावा शुनकाई या पंचांगकर्त्याने ती जपानच्या हवामानाला जुळवून घेतली. मग हायकूकार बाशोचे 'ओकु नो होसोमिची' घ्या. १६८९ साली त्याने उत्तरेकडे केलेल्या पायी प्रवासाचे हे छोटेसे गद्य-पद्य वर्णन आहे आणि त्याचे अनेक इंग्रजी अनुवाद मिळतात. ते रात्री झोपण्यापूर्वी दोन-दोन पाने वाचायचे पुस्तक आहे. एका बैठकीत संपवलेत तर हातात फारसे काही उरणार नाही.

जुन्या साहित्यातले आणखी एकच घ्यायचे म्हटले तर मी सेइ शोनागोन हिचे 'माकुरा नो सोशी' निवडीन. इसवी सन १००० च्या सुमारास सम्राज्ञी तेइशीच्या पदरी असलेल्या या बाईने याद्या, टिपणे आणि दरबारी किस्से लिहून ठेवले आहेत. शाईच्या दगडावर केस अडकणे, आपल्याला घाई असताना पाहुण्याने बोलत बसणे अशा चीड आणणाऱ्या गोष्टींची तिची यादी वाचताना हजार वर्षे मध्ये आहेत हे विसरायला होते. आयव्हन मॉरिसचा अनुवाद आणि मेरेडिथ मॅककिनीचा अनुवाद, दोन्ही चांगले आहेत. मला मॅककिनीच्या अनुवादात शोनागोनचा तोरा अधिक ऐकू येतो. तिची समकालीन मुरासाकी शिकिबु हिची 'गेन्जी मोनोगातारी' मात्र आत्ता हाती घेऊ नका. चोपन्न प्रकरणे, शेकडो पात्रे, आणि पात्रांना नावांऐवजी पदव्या. सात महिन्यांत ती तुमचे सगळे वाचन गिळून टाकील. कधी घ्यालच तेव्हा सायडनस्टिकरच्या अनुवादाने सुरुवात करा. रॉयल टायलरचा अनुवाद मुळाच्या अधिक जवळचा आणि टिपांनी समृद्ध आहे, पण तो दुसऱ्या वाचनासाठी.

त्याऐवजी तासाभरात संपणारे 'होजोकी' वाचा. कामो नो चोमेइ या संन्यस्त माणसाने १२१२ साली दहा फुटांच्या झोपडीत बसून ते लिहिले. क्योटोत लागलेली आग, वावटळ, राजधानी अचानक हलवल्याने उडालेला गोंधळ, दुष्काळ आणि ११८५ चा भूकंप यांचे त्याने केलेले वर्णन बातमीदाराला शोभेल इतके नेमके आहे. नागोयात राहायला गेल्यावर तुम्हाला आपत्तीच्या तयारीची पत्रके मिळतील, शेजारी दाराजवळ आणीबाणीची पिशवी भरून ठेवताना दिसतील. या व्यवस्थेच्या मागे जी मनोवृत्ती आहे, घर हे टिकण्यासाठी नसतेच असे गृहीत धरून ते नीटनेटके ठेवण्याची, ती या पुस्तिकेत आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे.

आता आधुनिक काळाकडे. कादंबऱ्यांत पहिली नात्सुमे सोसेकी यांची 'कोकोरो', १९१४ ची. एक तरुण विद्यार्थी, त्याने 'सेनसेई', म्हणजे गुरू, मानलेला एक एकाकी गृहस्थ आणि त्या गृहस्थाचे लांबलचक पत्र, एवढाच ऐवज आहे. १९१२ साली सम्राट मेइजी वारला आणि अंत्ययात्रेच्या दिवशी सेनापती नोगीने आत्महत्या केली. कादंबरीतली माणसे त्या बातमीकडे कशी पाहतात, यातून एक पिढी संपून दुसरी सुरू होताना काय तुटते ते कळते. वडिलांचे आजारपण, गावाकडचे घर, शिकलेल्या मुलाकडून असलेल्या अपेक्षा हे सगळे मराठी वाचकाला इतके ओळखीचे आहे की मधूनच आपण भाषांतर वाचत आहोत याचा विसर पडतो.

दुसरी कादंबरी सुचवताना मी कोणाचीही नेहमीची यादी पाळत नाही. शिमाझाकी तोसोन यांची १९०६ ची 'हाकाइ', इंग्रजीत 'द ब्रोकन कमांडमेंट'. जपानमध्ये जात नाही असे तुम्हाला तिथले आणि इथले बरेच लोक सांगतील. कातडे कमावणे, मेलेली जनावरे ओढणे अशा कामांमुळे अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्त्यांतील लोकांना १८७१ च्या फर्मानाने कायद्यापुरते समान केले गेले, पण लग्न आणि नोकरीच्या वेळी मूळ गावाची चौकशी चालूच राहिली. या समाजातून आलेला उशिमात्सु हा शाळामास्तर, 'आपले मूळ कधीही कोणाला सांगू नकोस' ही बापाची आज्ञा आणि ती मोडण्याच्या दिशेने होणारी त्याची वाटचाल, असा विषय आहे. 'बलुतं' वाचलेल्या वाचकाला दोन गोष्टी खटकतील आणि खटकाव्यातच: लेखक स्वतः त्या समाजातला नाही, आणि नायक अखेरीस वर्गातल्या मुलांसमोर जवळजवळ क्षमा मागतो व टेक्सासला निघून जाण्याचे ठरवतो. १९२२ साली याच समाजाने 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभी केली, तेव्हाचा सूर अगदी वेगळा होता. कादंबरी आणि तो पुढचा इतिहास एकत्र ठेवून पाहिला तर मराठी वाचकाला या विषयात जे दिसेल, ते युरोपीय वाचकाला सहजी दिसणार नाही.

आजच्या जपानसाठी मुराता सायाका यांची 'कोनबिनी निंगेन', इंग्रजीत 'कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन'. २०१६ चे आकुतागावा हे जपानमधले मानाचे साहित्य पारितोषिक या लहानशा कादंबरीला मिळाले. छत्तीस वर्षांची, अविवाहित, अठरा वर्षे एकाच दुकानात अर्धवेळ काम करणारी बाई आणि तिला 'सुधारू' पाहणारे सगळे जग. तुमच्या घराखालच्या चोवीस तास उघड्या दुकानात जी मुलगी ठरावीक स्वरात स्वागत करील, तिच्या त्या स्वरामागे किती पाठ्यपुस्तकी तालीम असते हे तुम्हाला आधीच ठाऊक झालेले असेल. कादंबरीकार कावाबाता मी मुद्दाम मागे ठेवला आहे. 'युकिगुनी' अप्रतिम आहे, पण गेइशा, बर्फ आणि उष्ण झऱ्यांचे गाव असा साज पाहून नवखा वाचक त्यालाच जपान समजून बसतो. सोसेकी आणि मुराता वाचून झाल्यावर तो वाचावा, म्हणजे ती निष्ठुर कादंबरी आहे हे नीट दिसते.

तुम्ही ज्या भागात जात आहात तो मोटार उद्योगाचा आहे, म्हणून एक जोडी सुचवतो. ओनो ताइइची यांचे टोयोटा उत्पादनपद्धतीवरचे पुस्तक, मूळ जपानीत १९७८ साली निघालेले, हे कायझेनवरच्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांपेक्षा लहान, कोरडे आणि कितीतरी अधिक उपयुक्त आहे. त्याच्या शेजारी कामाता सातोशी या पत्रकाराचे 'जिदोशा झेत्सुबो कोजो' ठेवा. १९७२-७३ मध्ये सुमारे सहा महिने टोयोटात हंगामी कामगार म्हणून राबून त्याने ही रोजनिशी लिहिली आणि ती 'जपान इन द पासिंग लेन' या नावाने इंग्रजीत आली. साखळीचा वेग, बोटांचे दुखणे, वसतिगृहातली झोप हे सगळे त्यात आहे. एक पुस्तक वरून लिहिलेले आहे, दुसरे खालून. पन्नास वर्षांत कारखाने बदलले आहेत, हे मान्य करूनही मी सांगतो की ही दोन्ही वाचलेला अभियंता लाइनवरच्या माणसाशी वेगळ्या रीतीने बोलतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे जपानी मनाचे स्पष्टीकरण देणाऱ्या पुस्तकांकडे. ती वाईट नाहीत. काही तर थोर आहेत. फक्त प्रत्येक पुस्तक उघडताना ते कोणी, कधी आणि कोणासाठी लिहिले हे आधी पाहावे. नितोबे इनाझो यांचे 'बुशिदो' १९०० साली अमेरिकेत इंग्रजीत निघाले. लेखक ख्रिस्ती क्वेकर, पत्नी अमेरिकन. शाळेत धर्म शिकवत नाहीत तर मग नीती कशी शिकवता, असे एका बेल्जियन विद्वानाने विचारले, त्याचे हे उत्तर. सामुराई हा वर्ग तोवर संपून दोन तपे उलटली होती, आणि जपानी वाचकांना हे पुस्तक १९०८ साली अनुवादातून वाचायला मिळाले. ओकाकुरा काकुझो यांचे 'द बुक ऑफ टी' हेही १९०६ साली मूळ इंग्रजीतच, बोस्टनमध्ये काम करत असताना लिहिलेले. त्याआधी ते भारतात राहून गेले होते. विवेकानंद आणि रवींद्रनाथ ठाकूर यांच्याशी त्यांचा संबंध आला होता आणि त्यांच्या 'द आयडियल्स ऑफ द ईस्ट'ला भगिनी निवेदितांची प्रस्तावना आहे. पाश्चात्त्यांसमोर आशियाची बाजू मांडणाऱ्या वकिलाची ही पुस्तके आहेत. वकिली उत्तम आहे, पण ती वकिली आहे. दोन्ही पुस्तके जुनी असल्याने आंतरजालावर मोफत मिळतात.

रूथ बेनेडिक्ट यांचे १९४६ चे 'द क्रिसॅन्थेमम अँड द सोर्ड' याहून वेगळ्या कामासाठी लिहिले गेले. शत्रूला समजून घेण्यासाठी अमेरिकन सरकारने युद्धकाळात सोपवलेल्या अभ्यासातून ते जन्मले आणि लेखिकेने जपानमध्ये पाऊलही ठेवले नव्हते. अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांच्या मुलाखती, चित्रपट आणि पुस्तके ही तिची सामग्री. तरीही 'ओन' आणि 'गिरी', म्हणजे घेतलेल्या उपकाराचे आणि त्याच्या परतफेडीचे ओझे, यांवरची प्रकरणे आजही वाचनीय आहेत. अहेराच्या वहीत कोणी किती दिले हे लिहून ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ती कळायला वेळ लागत नाही. लाजेची संस्कृती विरुद्ध पापाची संस्कृती, ही तिची गाजलेली विभागणी मात्र मी विद्यार्थ्यांना आता शिकवत नाही. पहिल्या काही वर्षांत शिकवत असे. मग ओसाकात एका बैठकीत मोठमोठ्याने हसणारे, किमतीवरून घासाघीस करणारे आणि तोंडावर 'नाही' म्हणणारे सहा जण समोर आले. बेनेडिक्टबाईंच्या भरवशावर मी त्यांच्या स्पष्ट नकाराचेही सौम्य भाषांतर केले, आणि दोन्ही बाजूंचा आठवडा वाया गेला.

या गटातली दोन पुस्तके मी आग्रहाने सुचवतो, कारण त्यांचा धागा भारताशी जुळतो. नाकाने चिए या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात भारतात क्षेत्रकार्य केले, गारो आणि खासी समाजांवर ग्रंथ लिहिला आणि मग आपल्या देशाकडे वळल्या. त्यांचे 'जॅपनीज सोसायटी' १९७० सालचे आहे. त्यांचे म्हणणे असे की माणसे दोन तत्त्वांवर एकत्र येतात: अंगच्या गुणधर्मावर किंवा समान चौकटीवर. भारतात जात हा गुणधर्म. माणूस कुठेही गेला तरी तो बरोबर राहतो. जपानमध्ये चौकट महत्त्वाची, म्हणून तिथला माणूस ओळख करून देताना आपण अभियंता आहोत हे सांगण्याआधी कोणत्या कंपनीत आहोत हे सांगतो. घराला आणि स्वतःच्या कंपनीला एकच शब्द, 'उची'. आपण 'कुठले तुम्ही?' असे विचारतो तेव्हा गाव ऐकायचे असते आणि आडनाव जोखायचे असते. तोच प्रश्न तिथे वेगळ्या उत्तरासाठी विचारला जातो. हे चित्र आयुष्यभराच्या नोकरीच्या काळातले आणि मुख्यतः मोठ्या कंपन्यांतल्या पुरुषांचे आहे. आज तिथल्या नोकरदारांपैकी तिघांत एकाहून अधिक जण कायम नोकरीत नाहीत, म्हणून नाकानेबाईंच्या लगोलग मुराता वाचावी.

दुसरे पुस्तक दोइ ताकेओ यांचे 'आमाए नो कोझो', १९७१ चे. इंग्रजीत 'द ॲनाटमी ऑफ डिपेंडन्स'. सुरुवातीलाच लेखक आपला अनुभव सांगतो. हा तरुण डॉक्टर अमेरिकेत एकाच्या घरी गेला. भूक आहे का, आइस्क्रीम घ्याल का, असे यजमानांनी विचारले. पोटात भूक होती, पण शिष्टाचार म्हणून तो नको म्हणाला, आणि पुन्हा कोणी विचारलेच नाही. जपानी घरात असे झाले नसते, हे त्याच्या सगळ्या सिद्धांताचे बीज आहे. पंगतीत 'पुरे, पुरे' म्हणत पानावर हात आडवा धरूनही जिलबी पडणारच, हे गृहीत धरणाऱ्या आपल्याला यात नवल काही नाही. 'आमाए'चे मराठी मला आजही एका शब्दात करता येत नाही. लाड, हट्ट आणि समोरच्याच्या मायेला गृहीत धरणे या तिन्हींचा त्यात अंश आहे. पण हा गुण फक्त जपान्यांचाच, असे दोइ सुचवू लागतात तेव्हा मराठी वाचकाने पुस्तक क्षणभर मिटून आपल्या आजीला आठवावे.

झेन या ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध पंथाबद्दल एकच सावधगिरी. सगळी जपानी कला झेनमधून निघाली, ही कल्पना दाइसेत्सु सुझुकी यांच्या इंग्रजी लेखनाने जगभर पसरवली. जर्मन लेखक हेरिगेल यांचे धनुर्विद्येवरचे झेन-पुस्तक तर गुरूच्या बोलण्याच्या अपुऱ्या आकलनावर किती उभे आहे, हे यामादा शोजी यांनी पुढे पुराव्यानिशी दाखवले. जपानी घरांतला धर्म पाहायचा असेल तर 'तान्निशो' वाचा. शिनरान या तेराव्या शतकातल्या आचार्याची वचने त्याच्या शिष्याने त्यात नोंदवली आहेत. ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी जेमतेम बारा वर्षे तो वारला. नामस्मरण हेच साधन, आणि सज्जनापेक्षा पाप्याचा उद्धार आधी, हे त्याचे म्हणणे वारकरी घरात वाढलेल्याला परके वाटू नये. बौद्ध कुटुंबांतून आलेल्या माझ्या काही विद्यार्थ्यांना तिथल्या देवळांत प्रपंच करणारे भिक्षू पाहून धक्का बसला होता. १८७२ साली सरकारनेच भिक्षूंच्या विवाहाला आणि मांसाहाराला मोकळीक दिली, ही माहिती आधी असलेली बरी.

सौंदर्यदृष्टीसाठी तानिझाकी जुनइचिरो यांचा 'इनएइ राइसान' हा १९३३ चा निबंध पुरेसा आहे. लाखेच्या वाटीतले सूप, कागदी दारांतून झिरपणारा उजेड आणि जुन्या लाकडी शौचकूपाची रसभरीत स्तुती, असे सगळे त्यात आहे. पुढे तानिझाकींचे नवे घर बांधायचे निघाले तेव्हा, निबंध वाचला आहे, नेमके काय हवे ते मला कळले, असे वास्तुविशारदाने सांगितले. त्यावर, अशा घरात मला राहता यायचे नाही, असे तानिझाकी म्हणाले, ही आठवण त्यांच्या पत्नीने सांगितलेली आहे. निबंध वाचताना ती जवळ ठेवावी.

ॲनिमे पाहणाऱ्याला मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथांचे, वावडे नसणार, म्हणून इतिहासासाठी जाडजूड ग्रंथाऐवजी मिझुकी शिगेरु यांचा शोवा काळावरचा, म्हणजे सम्राट हिरोहितोच्या १९२६ ते १९८९ च्या कारकिर्दीवरचा, चित्रमय इतिहास सुचवतो. युद्धात राबाउलला डावा हात गमावलेल्या या चित्रकाराने देशाचा इतिहास आणि स्वतःचे आयुष्य एकाच कथेत गुंफले आहे. इंग्रजीत त्याचे चार खंड आहेत. त्यानंतरही भूक उरली तर जॉन डॉवर यांचे 'एम्ब्रेसिंग डिफीट', १९४५ नंतरच्या अमेरिकन अमलाखालच्या जपानवरचे.

सात महिन्यांत हे सगळे होणार नाही. 'तोत्तोचान', 'होजोकी' आणि शिरीष पै यांचे हायकू पहिल्या महिन्यात. मग 'कोकोरो' आणि मुराता. मग ओनो-कामाता ही जोडी. आणि जाण्यापूर्वी दोइ आणि नाकाने. शोनागोन आणि बाशो सामानात टाका. बाकीची पुस्तके तिकडच्या पहिल्या हिवाळ्यासाठी राहू द्या. चार-सहा महिने माणसांत राहून झाल्यावर बेनेडिक्ट वाचलीत तर वाचता वाचता तुम्ही तिच्याशी भांडू शकाल. ही पुस्तके वाचताना जपानी नावे देवनागरीत लिहून पाहण्याची सवय लावा. रोमन लिपीतल्या ऱ्हस्व-दीर्घांच्या घोळातून सुटका होते, आणि जपानी 'नो' हा आपल्या 'चा-ची-चे'सारखाच शब्दामागे चिकटतो, हे लक्षात आले की भाषेची भीती बरीच कमी होते.

तुमच्या पत्नींसाठी त्सुजी शिझुओ यांचे 'जॅपनीज कुकिंग: अ सिंपल आर्ट', १९८० चे. पुस्तक शाकाहारी नाही, तरीही तेच घ्यावे, कारण जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला 'दाशी' हा अर्क काय असतो ते त्यात नीट समजते. तो बहुधा सुकवलेल्या मासळीच्या किसापासून केलेला असतो आणि भाजीच्या, टोफूच्या, नूडल्सच्या दिसायला निरामिष पदार्थांतही असतो. 'मांस नको' असे सांगून तो टळत नाही, कारण मासळीचा अर्क कोणी मांसात धरतच नाही. 'दाशी कशाची आहे?' हा प्रश्न जपानीत विचारायला पहिल्याच आठवड्यात शिका. घरी कोम्बु हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिइताके अळिंब रात्रभर पाण्यात भिजत घातले की सकाळी शाकाहारी दाशी तयार होते. बौद्ध मठांतल्या 'शोजिन र्‍योरी' या स्वयंपाकात तीच वापरतात, आणि तिच्यात आपली तुरीची आमटीही बरी होते.